‘सर्व्हर’ या संज्ञेचे अर्थांतर : डेस्कटॉप डेटाबेसांच्या इतिहासातील एक प्रकरण

शब्द तोच राहतो आणि त्याखालची वस्तू बदलते, हा प्रकार भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. संगणकक्षेत्रातील ‘सर्व्हर’ ही संज्ञा त्याचे अलीकडचे उदाहरण होय. हे अर्थांतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. शब्दनोंदी, बोलींचे नमुने अथवा हस्तलिखितांच्या सूची संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येक विभागाचा पैसा आणि श्रम त्याच्याशी निगडित आहेत. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

डेस्कटॉप डेटाबेसाचा जन्म एका माणसाने एका यंत्रावर काम करावे या कल्पनेतून झाला. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारे वेन रॅटलिफ यांनी ‘व्हल्कन’ नावाची प्रणाली रचली. पुढे १९८० च्या सुमारास ॲश्टन-टेट या कंपनीने ती ‘डीबेस टू’ या नावाने बाजारात आणली. प्रोसेसर, मेमरी आणि माहिती ही तिन्ही एकाच यंत्रात असल्यामुळे श्रमविभागणीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्याच दशकात नॉव्हेलच्या नेटवेअरसारख्या प्रणालींनी कचेरीतील यंत्रे परस्परांस जोडली आणि सर्वांची सामाईक फाइल मध्यवर्ती यंत्रावर ठेवण्याचा प्रघात पडला. त्या यंत्रास ‘सर्व्हर’ म्हणू लागले.

परंतु या सर्व्हरचे काम दफ्तरखान्यातील शिपायाचे होते. शिपाई मागितलेला रुमाल आणून देतो. त्यातील कागद शोधणे हे अभ्यासकाचे काम. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइलही नेटवर्कवर याच रीतीने वापरली जाई. ॲक्सेस २००० पासून तिच्यातील माहितीची पाने प्रत्येकी ४ केबींची आहेत. ४० एमबींच्या तक्त्यात अशी सुमारे दहा हजार पाने भरतात. शोधावयाच्या रकान्याची अनुक्रमणी केलेली असेल तर थोड्या पानांवर भागते. नसेल तर एका शब्दासाठी सगळी पाने तारेवरून अभ्यासकाच्या यंत्राकडे जातात आणि शोधाचे काम तेथील प्रोसेसर करतो. सर्व्हरची मेमरी नुकतीच वाचलेली पाने जवळ ठेवून काही वेळ वाचविते इतकेच. अशा व्यवस्थेत सर्व्हरला अधिक प्रबळ प्रोसेसर बसविणे म्हणजे शिपायास पंडिताचे वेतन देण्यासारखे आहे.

दुसऱ्या अर्थाचा उगम निराळा आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. त्यात काय हवे एवढेच सांगावयाचे असते. ते कसे शोधावे हे प्रणालीने ठरवावे. या विचारामुळे नुसता प्रश्न तारेवरून पाठवून उत्तर तेवढे परत आणणे शक्य झाले. जानेवारी १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्ट, सायबेस आणि ॲश्टन-टेट यांनी एसक्यूएल सर्व्हरची घोषणा केली. डीबेसची मालक असलेली कंपनीच या उपक्रमात सहभागी होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. आता शिपायाच्या जागी दफ्तरदार आला. शोध, जुळणी आणि क्रमवारी यांसाठी मध्यवर्ती यंत्राचा प्रोसेसर राबू लागला आणि वारंवार लागणारी पाने त्याच्या मेमरीत राहू लागली.

याहून महत्त्वाचा भेद सुरक्षिततेचा आहे. पहिल्या व्यवस्थेत प्रत्येकाचे यंत्र सामाईक फाइलीत स्वतः लिहीत असते; लिहिता लिहिता एकाची वीज गेली तरी सर्वांची फाइल बिघडू शकते. दुसऱ्या व्यवस्थेत लेखन एकाच हाती असते आणि प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात नोंदला जातो; त्यामुळे अर्धवट राहिलेले काम मागे घेता येते. अनेक वर्षे खपून जमविलेल्या शब्दसंग्रहाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो.

तथापि दफ्तरदारालाही मर्यादा असतात, आणि त्या नेहमी यंत्राच्याच असतात असे नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ मधील विनामूल्य ‘एक्स्प्रेस’ आवृत्तीस एकच प्रोसेसर, १ जीबी मेमरी आणि ४ जीबींचा डेटाबेस एवढीच मुभा होती. यंत्रात ६४ जीबी मेमरी असली तरी ती आवृत्ती आपल्या वाट्यापलीकडे जात नसे.

तात्पर्य, ‘सर्व्हर घ्यावा’ असा ठराव करण्यापूर्वी कोणत्या अर्थाचा सर्व्हर अभिप्रेत आहे, हे विचारले पाहिजे. श्रम कोठे होतात हे न पाहता यंत्र वाढविल्यास खर्च वाढतो, शोध मात्र पूर्वीइतकाच मंद राहतो.