रोह्याचे हवालदार

१९७२ सालचा मे महिना. तुम्ही पेणच्या एस.टी. स्टँडवर उतरता आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. रेल्वे आपट्यापर्यंतच आली आहे. ती रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडेल.

पुढे एक नाईक चाललाय. खांद्यावर काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. त्याच्या मागोमाग चला.

सासुरवाडीत गणपतीचा कारखाना आहे. ओल्या शाडूचा वास दारातच येतो. बायको हातातली आखणी थांबवते. पाच महिन्यांची मुलगी त्याला पहिल्यांदाच बघते आणि भोकाड पसरते. सगळ्यांना लढाई ऐकायची आहे. "झाली एकदाची," म्हणत जावईबापू बाह्या सारून शाडू मळायला बसतात.

आता बारा वर्षं ओलांडून रोह्यात या. तोच नाईक, म्हणजे आता पेन्शनीत निघालेले हवालदारकाका, धाटावच्या एका कारखान्यावर रात्रपाळीचा पहारा करून सकाळी घरी येतात. झोपायला मिळेलच असं नाही. ओटीवर कुणी बाई पिशवीत कागद घेऊन बसलेली असते. नवऱ्याचं नाव पलटणीच्या कागदावर एक, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरं. म्हणून पेन्शन अडलेली. काका चष्मा लावून एकेक कागद वाचतात, अर्ज लिहितात, अंगठा कुठे उठवायचा ते दाखवतात आणि तिच्याबरोबर अलिबागच्या सैनिक बोर्डात जातात. तिकीट स्वतःच्या खिशातून. अशा माणसांची आठवण काढताना आपण पदकं मोजतो, हे मला फार खटकतं. किती घरांची चूल या अर्जांवर पेटली, तेही सांगायला हवं.

दसरा उलटला आहे. पहाटे रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. गर्दीत काकांच्या टाचा आपोआप जुळतात. मुलगी आता बारा वर्षांची आहे. ती त्यांचा हात ओढते, "बाबा, तुम्ही खरंच लढलात?"

त्या दिवशी ते बोलतात. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं जमालपूर. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूला शरण येण्याचं पत्र धाडलं. उत्तरादाखल कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. दहा तारखेच्या रात्री वेढा फोडायला शत्रू मराठ्यांच्या मोर्च्यांवर पुन्हा पुन्हा चालून आला. पहाटे जमालपूर पडलं. सोळा तारखेला ढाका.

"घाबरला होतात?"

"घाबरलो की. तू झाल्याचं पत्रही तोवर मिळालं नव्हतं."

पुढचं विचारायच्या आत काकांना गर्दीत ओळखीची बाई दिसते. ते हात वर करून हाक मारतात, "वहिनी, हयातीचा दाखला घेतलात ना? उद्या पहिल्या गाडीनं अलिबाग!"