ड्रायव्हर लक्षात ठेवायचा कोणी?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत जो लिनक्स कर्नल लिहिला, त्यात मॉड्यूल्स नव्हती. ड्रायव्हर कर्नलमध्येच कंपाइल करायचा आणि नवं कार्ड घेतलं की कर्नल पुन्हा बांधायचा. ड्रायव्हर वेगळ्या फायलीत ठेवून चालू कर्नलला जोडायची सोय १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत आली. बूट होताना मॉड्यूल न सापडण्याची कटकटही तिच्याच पाठोपाठ आली. कॉलेजच्या लॅबची सिस्टिम ॲडमिन म्हणून मी या कटकटीत बरीच वर्षं काढली. माझ्या मते तिच्या मुळाशी एकच प्रश्न होता: कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर, हे लक्षात ठेवायचं कोणी?

आधी ते काम माणसाचं होतं. कर्नल फक्त सांकेतिक नाव पुकारायचा. ‘नेट-पीएफ-१०’ म्हणजे आयपीव्ही६, ‘चार-मेजर-१०-१३५’ म्हणजे घड्याळ. त्या नावापुढे खरं मॉड्यूल कोणतं, हे आपण कॉन्फिगच्या फायलीत एलियस म्हणून लिहायचं. ओळ नसेल तर पडद्यावर ‘कॅन्ट लोकेट मॉड्यूल’. आयपीव्ही६ तेव्हा लॅबमध्ये कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे मशीन ठणठणीत असायचं. पण मुलं घाबरून सगळं नव्याने बसवायला सीडी शोधायची.

खरा फटका बसायचा तो नेटवर्क कार्डात. आमच्याकडे रिअलटेक ८१३९ चिपची स्वस्त कार्डं होती. २.२ कर्नलमध्ये त्यांचा ड्रायव्हर ‘आरटीएल८१३९’ नावाने होता, २.४ मध्ये तो ‘८१३९टू’ झाला. कर्नल नवा आणि एलियसची ओळ जुनी, की नेट बंद. कार्ड शाबूत, केबल शाबूत, अडलेलं असायचं ते फक्त नावापाशी.

२००२ च्या अखेरीस कर्नल डेव्हलपर रस्टी रसेलने मॉड्यूल जोडण्याचं काम बाहेरच्या टूलकडून काढून थेट कर्नलमध्ये आणलं. जुनी टूल्स ठेवून २.६ बूट केला की ‘क्यूएम मॉड्यूल्स: फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ अशी रांगच लागायची. मॉड्यूल चढवणारं जुनं टूल, मॉडप्रोब, कर्नलला असा सिस्टिम कॉल करत होतं, जो आता उरलाच नव्हता. मॉड्यूल-इनिट-टूल्स हे रस्टीचंच पॅकेज टाकलं की रांग थांबे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र वेगळाच बदल. आपण कोणती उपकरणं चालवतो, याची यादी मॉड्यूल स्वतःजवळच बाळगू लागलं. ८१३९टूच्या यादीत उत्पादक १०ईसी आणि उपकरण ८१३९ हे आकडे असतात. डेपमॉड हे टूल अशा सगळ्या याद्या एका फायलीत गोळा करतं, कार्ड आपले आकडे सांगतं आणि मॉडप्रोब त्यांची गाठ घालतं. ड्रायव्हरचं नाव पाठ असायची गरजच संपली.

आता उरतात त्या बहुतेक आवृत्तींच्या चुकामुकी. अपडेटच्या वेळी बूटचं पार्टिशन माउंट नसेल, तर मॉड्यूल्स नवी येतात आणि उठतो मात्र जुनाच कर्नल. इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिममध्ये, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर रूट माउंट होत नाही आणि बूट तिथेच अडतं.

म्हणून मॉड्यूल न सापडल्याची ओळ दिसली की सिस्टिम पुसायची घाई करू नका. ‘युनेम -आर’ ही कमांड जी आवृत्ती सांगेल, त्याच नावाचा फोल्डर ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीत आहे का, हे आधी बघा.