पहिली स्पोर्ट बाईक घेताय? शोरूमला जाण्याआधी घाट आणि पावसाळा डोळ्यासमोर आणा

पोलादपूरहून महाबळेश्वरचा रस्ता धरला की वाटेत कापडे लागतं आणि पुढे आंबेनळी घाट सुरू होतो. या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना वळणं काही नवीन नाहीत. पुढे झुकून बसायची, चकाचक प्लास्टिकच्या कवचातली बाईक आपल्या दारात असावी, हे स्वप्नही नवीन नाही. २००३ मध्ये करिझ्मा आली आणि २००८ मध्ये यामाहाची आर१५, तेव्हापासून दर पिढीचं हे चालूच आहे.

पण यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू रेस ट्रॅकवर किंवा सरळसोट हायवेवर शूट केलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता ओला, वळणावर लाल माती आणि पालापाचोळा, समोरून लाल परी. म्हणून इथे गाडी निवडताना पहिला प्रश्न 'किती पळते?' हा नसून 'ओल्या उतारावर कशी थांबते?' हा असायला हवा.

आधी ब्रेक बघा, मग इंजिन

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, यासाठी ही सिस्टीम असते. मेख अशी की सिंगल चॅनलमध्ये ही सोय फक्त पुढच्या चाकाला मिळते. ड्युअल चॅनलमध्ये दोन्ही चाकांना.

घाट उतरताना सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं. अशा वेळी घाबरून मागचा ब्रेक कचकन दाबला की सिंगल चॅनलवाल्या गाडीचं मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. आर१५, पल्सर आरएस २००, करिझ्मा एक्सएमआर, जिक्सर एसएफ २५० या गाड्यांना ड्युअल चॅनल मिळतं. जिक्सर एसएफच्या १५० सीसी मॉडेलला सिंगल. दिसायला दोन्ही जिक्सर जवळपास सारख्याच, त्यामुळे नुसत्या फोटोवर जाऊ नका.

पण एबीएस म्हणजे जादू नाही. गाडी वळणात झुकलेली असताना साधं एबीएस फार मदत करत नाही. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि क्लच दाबून ती मोकळी सोडायची नाही. इंजिनच गाडीला मागे खेचत राहतं आणि ब्रेक तापत नाहीत.

मग किती सीसी घ्यायची?

आर१५ चं इंजिन १५५ सीसी, ताकद १८ पीएसच्या आसपास, वजन जेमतेम १४० किलो. अपाचे आरआर ३१० ची ताकद साधारण ३८ पीएस, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि वजन १७० किलोच्या वर. आत्तापर्यंत बाबांची शंभर सीसीची गाडी चालवलेल्या माणसाला यातली पहिली उडी पचते. दुसरी उडी पहिल्याच पावसाळ्यात मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आंबेनळीच्या आखूड वळणांत ३८ पीएस पूर्ण वापरायला जागाच कुठे आहे?

सीटची उंची आवर्जून बघा. या गाड्यांच्या सीट साधारण ८०० ते ८३५ मिलिमीटर उंच असतात. चढावर गाडी थांबली आणि पाय नीट टेकला नाही, तर गाडी उभ्या उभ्या पडते. फार लागत नाही, पण फेअरिंग तडकतं आणि त्याचा खर्च झोंबतो.

आणि मागे कोण बसणार आहे? आईला घेऊन पोलादपूरच्या बाजारात किंवा महाडला डॉक्टरकडे जायचं असेल, तर स्पोर्ट बाईकची मागची सीट म्हणजे उंच, अरुंद फळी. घरात दुसरी गाडी नसेल, तर त्याच इंजिनाची, बिनफेअरिंगची गाडी जास्त कामाची. आर१५ ऐवजी एमटी-१५, जिक्सर एसएफ ऐवजी साधी जिक्सर. हौस थोडी कमी भागते, हे मान्य.

खरा आकडा ऑन-रोडचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मात्र शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात रोड टॅक्स लागतो. ९९ ते २९९ सीसीला ११ टक्के, त्याच्या वर १२ टक्के. नव्या गाडीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमाही सक्तीचा आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. विम्याचा टप्पा १५० सीसीला बदलतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० सीसीपर्यंत ५ वर्षांचे ३,८५१ रुपये आणि त्याच्या वर, ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये, शिवाय जीएसटी. म्हणजे १५५ सीसीची गाडी फक्त ५ सीसीमुळे महागड्या टप्प्यात जाते. समजा शोरूमची किंमत १ लाख ७५ हजार आहे. टॅक्सचे १९,२५० आणि विम्याचे साधारण ८,७०० धरले, तर २८ हजार इथेच वाढले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणीचा खर्च वेगळा. बिलात 'हँडलिंग चार्ज' दिसला तर तो कशाचा, हे विचारा.

कर्जाचं म्हणाल तर दीड लाख, १२ टक्के व्याज, ३ वर्षं, असा हिशेब केला तर हप्ता ४,९८२ रुपये बसतो. एकूण व्याज २९ हजारांच्या वर जातं. पगार १५ हजार असेल तर तिसरा हिस्सा गाडीतच गेला, पेट्रोल वेगळंच. त्यामुळे बजेट ठरवताना आधी आयएसआय मार्कचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि जॅकेट यांचे पैसे बाजूला काढा. मग उरेल त्यात गाडी बघा.

सेकंड हँड घ्यायची असेल तर

जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूण बुडालं होतं. त्याआधीची गाडी बघत असाल तर सीट काढून खाली बघा. वायरिंगच्या सॉकेटमध्ये गाळ, हेडलाईटच्या आत पाण्याचे डाग, स्क्रूंना गंज दिसला तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. गाडी पडलेली आहे का, हे हँडलची टोकं, लिव्हर आणि फूटरेस्टच्या कडा घासलेल्या आहेत का यावरून कळतं. रंग नवा मारता येतो, पण ही टोकं बदलायची अनेकदा राहून जातात.

चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. कर्जाचा बोजा उतरलाय का, हे एम-परिवहन ॲपवर तपासा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मुंबईतल्या दादाची गाडी गावी आणणार असाल, तर राज्य तेच असल्याने रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. पण गाडी तुमच्या नावावर करताना पेणच्या आरटीओत नोंद करावी लागेल.

आणि वय?

१८ पूर्ण नसतील तर गिअरची गाडी चालवता येत नाही, १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतंच असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्यामुळे दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून बाईक बुक करणाऱ्या बाबांनी ती अजून दोन-तीन वर्षं थांबवलेली बरी.