जनीन गरॉफलो : तिरकस विनोदाच्या जोरावर पडद्यावर आलेली स्टँडअप कॉमेडियन

पिक्सारचा 'रॅटटुई' (२००७) पाहिला असेल, तर जनीन गरॉफलोचा आवाज तुम्ही ऐकला आहे. पुरुषांनी भरलेल्या किचनमधली एकटी बाई, नवख्या लिंग्विनीच्या बाहीत सुऱ्या रोवून त्याला दम देणारी कोलेट. ती फ्रेंच ढंगात बोलत असली तरी आवाज देणारी जनीन अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. जन्म १९६४ चा, कॉलेजात शिकली इतिहास.

स्टँडअपची सुरुवात तिने कॉलेजात असतानाच केली. मोजूनमापून पंच मारण्याची तिची पद्धत नव्हती. हातात कागद किंवा वही घेऊन ती गप्पा मारल्यासारखं बोलायची आणि टोमणे मारायची. बायकांचं वजन, दिसणं, फॅशन मासिकं हे तिचे आवडते विषय. नव्वदच्या दशकात अमेरिकेत 'ऑल्टरनेटिव्ह कॉमेडी' नावाचा जो प्रवाह आला, त्यातलं हे मोठं नाव.

१९९२ मध्ये तिला दोन मालिका मिळाल्या. 'द बेन स्टिलर शो' लगेच बंद पडला (आणि बंद पडल्यावर त्याच्या लेखनाला एमी मिळाला!). 'द लॅरी सँडर्स शो'मधल्या पॉलाच्या भूमिकेसाठी मात्र जनीनला दोनदा एमीचं नामांकन मिळालं. १९९४ चा 'रिअॅलिटी बाइट्स' आला आणि वैतागलेल्या, उपरोधिक तरुण पिढीचा चेहरा म्हणून लोक तिच्याकडे पाहू लागले.

त्याच वर्षी तिला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' मिळालं. कॉमेडियनसाठी यापेक्षा मोठं व्यासपीठ अमेरिकेत क्वचितच असेल. तिने ते सीझन संपायच्या आतच सोडलं. तिथल्या पुरुषी वातावरणाबद्दल आणि बायकांच्या वाट्याला येणाऱ्या कामाबद्दल ती उघड बोलली. आज अशा पोस्टला हजारो शेअर मिळतील. १९९५ मध्ये मात्र असं बोलणाऱ्या बाईवर 'कटकटी' हा शिक्का सहज बसायचा.

पुढचा प्रसंग जास्त बोलका आहे. 'द ट्रुथ अबाउट कॅट्स अँड डॉग्ज' (१९९६) या सिनेमात ती नायिका होती. हुशार, पण स्वतःच्या दिसण्याची लाज वाटणारी रेडिओ होस्ट, आणि तिच्या जागी पुढे केलेली सुंदर उमा थर्मन! जनीन स्टेजवर ज्या विचाराची टर उडवायची, तोच इथे कथेचा पाया होता. सिनेमा चालला, तरी नंतर तिने स्वतःच त्याच्यावर टीका केली.

२००३ मध्ये इराक युद्धाला टीव्हीवर विरोध केल्यामुळे तिच्यावर जोरदार हल्ला झाला. ती गप्प बसली नाही, उलट २००४ पासून सुमारे दोन वर्षं 'एअर अमेरिका'वर राजकीय रेडिओ शो केला. त्याच काळात 'द वेस्ट विंग'मध्ये दिसली. '२४' मालिकेतल्या छळाच्या दृश्यांमुळे तिने आधी नकार दिला होता, मग भूमिका स्वीकारली. सातव्या सीझनमधली एफबीआय विश्लेषक जॅनिस गोल्ड ती हीच.

२००१ मध्ये आपटलेला तिचा 'वेट हॉट अमेरिकन समर' पुढे कल्ट ठरला आणि २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका होऊन परतला, तिच्यासकट.

स्टँडअप तिने सोडलेलं नाही. न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांमध्ये ती अजूनही कार्यक्रम करते. सोशल मीडियापासून ती लांबच राहते, त्यामुळे टॅग करायला जाऊ नका.