निद्रिस्त पेशींतील शत्रु

१९९६ सालीं व्हँकूव्हरच्या परिषदेंत तीन औषधांचा संयुक्त उपचार गाजला. रक्तांत एचआयव्ही विषाणु सांपडेनासा होई. मरणाची वाट पाहणारीं माणसें कामावर परतलीं. १९९७ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड हो प्रभृतींनीं गणित मांडलें कीं, दोन-तीन वर्षांच्या अखंड उपचारानें विषाणु समूळ नष्ट होऊं शकेल. त्याच वर्षीं अमेरिकेंतील तीन संशोधकमंडळांना तो उपचार घेणाऱ्यांच्या शरीरांत जिवंत आढळला, आणि तोहि पहारेकऱ्यांच्याच पोटांत!

स्वस्थ पडलेल्या सीडी-४ पेशींपैकीं दहा लाखांत एखादीच अशी. विषाणूचा आराखडा तिच्या गुणसूत्रांत गुंफलेला. पण ती त्याचें प्रथिन घडवीत नाहीं. मारेकरी सीडी-८ पेशी शत्रु ओळखतात तो बाधित पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनखंडांवरून. ती खूणच नसेल तर मारावें कोणाला? औषध थांबलें कीं बहुधा कांहीं आठवड्यांत विषाणु पुन्हा उसळतो.

२०१२ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत रॉबर्ट सिलिसियानो प्रभृतींनीं अशा पेशी काचपात्रांत जागविल्या. नवल असें कीं, जाग्या झालेल्या पेशीहि बहुतेक रुग्णांच्या मारेकरी पेशींनीं जिवंत सोडल्या! विषाणूच्या प्रथिनखंडांनीं मारेकऱ्यांना आधीं चेतविलें, तेव्हां मात्र संहार झाला. हेंच देहांत घडवून आणण्याचे प्रयत्न अद्याप चालूं आहेत.