जखमेचे मोल आणि वणाचा पुरावा

आपल्या किनाऱ्यावरील लढायांची वर्णने पुष्कळ झाली. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा ही नावे शाळकरी मुलांच्याही ओठांवर असतात. परंतु लढाई संपल्यावर जो गडी एक हात गमावून, किंवा दारूने भाजलेले तोंड घेऊन घरी परतला, त्यास पुढे कोणी काय दिले, आणि देताना त्याच्या जखमेचे माप कोणी व कशाने घेतले, याचा विचार फारसा झालेला नाही. ज्या घराण्यांतील पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरीत व गलबतांवर गेल्या, त्यांच्या हाती जाणाऱ्या या वार्षिक अंकात तरी त्या विषयास थोडी जागा मिळावी, या हेतूने हा अल्प प्रयत्न.

या विषयाचा आपल्याकडील ठळक उल्लेख कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत सापडतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या या बखरीत १६५९ च्या अफजलखान-प्रसंगानंतरची व्यवस्था सांगितली आहे. जे रणात पडले त्यांच्या मुलांस चालविले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन बांधून दिले. आणि जे जखमी झाले त्यांस जखमेचे मान पाहून दोनशे, शंभर, पन्नास व पंचवीस होन दिले. या आकड्यांचे वजन कळावे म्हणून त्याच बखरीतील वेतने शेजारी ठेवून पाहावीत. पायदळातील जुमलेदारास वर्षास शंभर होन मिळत. म्हणजे जबर जखमेस जुमलेदाराच्या दोन वर्षांच्या वेतनाइतकी रक्कम, आणि हलक्यात हलकीस तीन महिन्यांची. परंतु यातील खरे मर्म रकमेत नसून पाहण्यात आहे. जखम ओली असताना, लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या मंडळींच्या देखत तिचे मोल ठरले. शिपायास आपला वण घेऊन कोणाच्या दारी तिष्ठावे लागले नाही.

समुद्रावरील जखमेची गोष्ट याहून अवघड. तरवारीचा वार छातीवर वा कपाळावर बसला तर तो वण आपली साक्ष आपणच देतो; पाठीवरचा वण मात्र चावडीवरच्या रिकामटेकड्यांस आयताच विषय पुरवितो. गलबतावर असे पुढे-मागे काही नसते. तोफेचा गोळा फळीवर आदळला म्हणजे गोळ्याहूनही लाकडाच्या ढलप्या अधिक माणसे फाडतात, आणि त्या कोणत्या बाजूने येतील याचा नेम नाही. दारूचे पिंप पेटले तर अंग भाजते. असा भाजल्याचा वण दहा वर्षांनी पाहणाऱ्यास, हा मनुष्य उंदेरीसमोर भाजला की घरच्या चुलीपाशी, हे कसे कळावे? १६७९ साली मायनाक भंडारी यांनी इंग्रजांच्या जहाजांसमोर खांदेरीची तटबंदी उभी केली, आणि १६८० च्या जानेवारीत उंदेरीवर चालून जाताना दौलतखान स्वतः जबर जखमी झाले. सरदाराची जखम शत्रूच्याही दप्तरात शिरते. वल्हे मारणाऱ्याची शिरत नाही.

येथे जरा आडवाटेने जाण्याची वाचकांनी मुभा द्यावी. आमच्या आंग्र्यांस इंग्रज चाचे म्हणत. खऱ्या चाच्यांचा कायदा मात्र पाहण्यासारखा आहे. खांदेरीच्या आदल्याच वर्षी, १६७८ मध्ये, कॅरिबियन समुद्रातील चाच्यांबरोबर हिंडलेल्या एक्सक्वेमेलिन नावाच्या शस्त्रवैद्याने आपले पुस्तक ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध केले. त्यात त्यांची बोलीच दिली आहे : उजवा हात गेल्यास सहाशे रौप्यमुद्रा, डावा गेल्यास पाचशे, उजव्या पायास पाचशे, डाव्यास चारशे, डोळ्यास शंभर आणि बोटासही शंभरच! डोळा आणि बोट एका भावाने का, हे त्यांचे त्यांस ठाऊक. त्याहून जुना नवव्या शतकातील इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचा कायदा. केसांखाली झाकलेल्या इंचभर जखमेस एक शिलिंग, आणि केसांपुढे दिसणाऱ्या तेवढ्याच जखमेस दोन. व्रण चारचौघांत दिसतो की झाकतो, यावर त्याचे मोल दुप्पट होई.

असो. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. कोकणचे तरुण मुंबईच्या पलटणींत पूर्वीपासूनच जात होते. आता शिपाईगिरीस तेवढाच मार्ग उरला. पलटणीत नाव घालताना हुलिया लिहीत. नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरील खुणा, हे सारे एका ओळीत. पळून गेलेला शिपाई ओळखावा व मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने पेन्शन उचलू नये, एवढाच त्याचा उद्देश. परंतु त्यातून एक नवी गोष्ट घडली. वण पूर्वी पराक्रमाची खूण होता. तो आता ओळखीची खूण झाला, आणि कागदावर जे नाही ते अंगावर असूनही नसल्यासारखे होऊ लागले.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कूत-अल-अमारा येथे वेढल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे शत्रूच्या हाती पडले. त्या वेढ्यात हिंदी शिपायांस स्कर्व्ही झाला. हा रोग मोठा विलक्षण. त्यात नवी जखम भरत नाही, आणि जुना भरलेला वणही पुन्हा उकलतो. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तो योग्यच आहे. परंतु जो जखमी होऊन परतला त्याचा पुतळा कोणी उभारीत नाही, त्यास अर्ज लिहावा लागतो.

त्या अर्जाचे नियम स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीत आले. वैद्यकीय मंडळ दोन प्रश्न विचारते : अपंगत्व सेवेमुळे आले वा वाढले काय, आणि ते शेकडा किती? मर्यादा वीस टक्क्यांची ठरली. येथेच वणाची पंचाईत होते. वण दुखतो, उन्हात आग होते, खाऱ्या वाऱ्याने ताणतो. पण हात हलतो, पाय चालतो, म्हणून टक्के भरत नाहीत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या वणाचे माप सेंटिमीटरने घेतात. एक किंवा दोन दुखरे वण असल्यास दहा टक्के, तीन-चार असल्यास वीस, पाच वा अधिक असल्यास तीस. तेथे दुःखालाच आकडा आहे. आमच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात चेहऱ्याच्या अतिशय विद्रूपतेस शंभर टक्के धरले होते. आल्फ्रेडची दोन शिलिंगेच म्हणा ना!

पुराव्याच्या बाबतीत मात्र न्यायालयाने शिपायाचा हात धरला. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर मनुष्य निरोगी शिरला असेच धरावे, आणि याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. म्हणजे ज्या हुलियाने शिपायास बांधले, त्यातील रिकामी जागाच आता त्याची साक्ष झाली. पुढील वर्षी याच न्यायालयाने म्हटले की, अपंगत्वामुळे ज्यास सेवेतून काढले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच मानावे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. २०२३ च्या सप्टेंबरात नवे नियम लागू झाले, त्यामुळे त्या तारखेपूर्वीचा दावा व नंतरचा दावा यांचा हिशेब एक नव्हे.

आपल्या घराघरांतील ट्रंकांत तरवारीची मूठ, बिल्ले, गणवेशातील फोटो जपून ठेवलेले असतात. त्याच ट्रंकेच्या तळाशी सेवामुक्तीचे पुस्तक आणि वैद्यकीय मंडळाचा घडी घातलेला कागद पडलेला असतो. आजोबांच्या दंडावरील खोक मुलांनी बोट लावून पाहिलेली असते, ती कोठे लागली ते ठिकाणही पाठ असते. कागदावरील टक्क्यांचा आकडा मात्र घरात कोणी वाचलेला नसतो. पुतळा व पदके यांच्याइतकाच तो आकडाही त्या घराण्याच्या इतिहासात येतो, आणि त्याची चौकशी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.