कस्सपगोत्तांचे गाऱ्हाणे आणि घटनेचे बत्तिसावे कलम

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला. ठराव मांडणे, गणपूर्ती, मतदान इत्यादी संसदीय नियम संघास अवगत होते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणून दिले. हा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. परंतु नियम होते एवढे सांगून भागत नाही. ते कोणाच्या रक्षणासाठी होते, हे पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

विनयपिटकातील महावग्गाच्या चम्पेय्यक्खन्धकात एक प्रसंग आला आहे. काशी जनपदातील एका गावी कस्सपगोत्त नावाचे भिक्खू राहत असत. बाहेरून आलेल्या भिक्खूंची त्यांनी मनोभावे सेवा केली. पुढे पाहुण्यांचा शीण गेला, परिसर ओळखीचा झाला. तेव्हा त्यांच्यासाठी लोकांकडे मागत राहणे योग्य नव्हे, असा विचार करून कस्सपगोत्तांनी भोजनाची खटपट थांबविली. पाहुणे रुष्ट झाले. हा दोष आहे, तो कबूल करा, असा त्यांनी आग्रह धरला आणि कस्सपगोत्तांना दोष दिसेना, तेव्हा त्यांना संघातून निलंबित केले. एका बाजूस समूह, दुसऱ्या बाजूस एकटा भिक्खू! कस्सपगोत्त चम्पा नगरीस गेले व आपले गाऱ्हाणे त्यांनी थेट तथागतांपुढे मांडले. तथागतांनी निर्णय दिला की, येथे दोष नाही. केलेले कर्म अधम्म आहे, ते टिकणारे नाही.

त्याच खन्धकात पुढे ग्राह्य व अग्राह्य संघकर्मांचा सविस्तर विचार आहे. ञत्ति, म्हणजे प्रस्ताव, रीतसर मांडला नसेल तर कर्म अग्राह्य. सामान्य कर्मास किमान चार भिक्खू हवेत. मध्यदेशात उपसंपदेस दहा हवेत. चुल्लवग्गात तर असे सांगितले आहे की, आरोपी समोर नसताना, त्याला न विचारता केलेली शिक्षा अधम्म होय. संघाची सत्ताही नियमांच्या आत होती, असाच याचा अर्थ.

आमची राज्यघटना विनयातून जन्मली असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयीन प्राधिलेखांची परंपरा इंग्लंडमधून आली, हे उघड आहे. परंतु प्रश्न तोच आहे. घटना शासनाला सत्ता देते आणि त्याच हाताने मर्यादाही घालते. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा कलम १३ नुसार शून्यवत ठरतो. कलम २२ नुसार अटक झालेल्यास कारण सांगावे लागते आणि, प्रतिबंधक स्थानबद्धता वगळता, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आणि हक्क हिरावला गेल्यास कलम ३२ नुसार नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी याच कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. दाद मागण्याची वाट नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

ती वाट एकदा बंद झाली. १९७५ च्या आणीबाणीत कलम ३५९ खालील आदेशाने जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग रोखण्यात आला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी निर्णय दिला की, स्थानबद्धांना दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटेच विरोधात राहिले. विनय जाणणाऱ्यास बहुमत म्हणजे धम्म नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय स्पष्टपणे रद्द ठरविला. एकेचाळीस वर्षांनी का होईना, चुकीला चूक म्हटले गेले.

कस्सपगोत्तांना निलंबित करणारे भिक्खूही पुढे पस्तावले. चम्पेस येऊन त्यांनी तथागतांपुढे आपला अपराध कबूल केला. परंतु ही कबुली शक्य झाली ती एकट्या भिक्खूने चम्पेची वाट धरली म्हणून आणि ती वाट मोकळी होती म्हणून. ती वाट मोकळी ठेवणे, हे घटना मानणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे आम्ही समजतो.